गुण कुणासाठी?

आजच्या विषयाचं नाव आयोजकांनी पत्रिकेत पूर्ण छापलं आहे : 'ऑनलाइन प्रशिक्षणातील गुणांकित आणि अगुणांकित रचना'. बोलताना एवढं लांब नाव दर वेळी घ्यायचं तर अर्धा वेळ त्यातच जाईल. म्हणून मी सरळ सगुण कोर्स आणि निर्गुण कोर्स म्हणणार आहे. हसा, हरकत नाही. सगुण-निर्गुणाचं भांडण आपल्या संतांनी केव्हाच मिटवलं. कोर्स तयार करणाऱ्यांचं अजून मिटलेलं नाही.

निवृत्तीनंतर दोन-तीन संस्थांनी मला ऑनलाइन प्रशिक्षणाच्या समित्यांवर बोलावलं. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तराचं तिथे काय काम, हा प्रश्न तिथल्या तरुण मंडळींच्या चेहऱ्यावर दिसायचा. पण एक प्रसंग सगळ्या समित्यांत सारखाच घडताना पाहिला. कोर्स प्रत्यक्ष बांधणारी मुलगी लॅपटॉपवरून मान वर करून विचारते, "सर, ही क्विझ ग्रेडेड ठेवू की अनग्रेडेड?" आणि कुणीतरी घड्याळाकडे बघत उत्तर देतं, "ग्रेडेडच ठेवा. नाहीतर कोण करतंय?" झालं. एक टिचकी. काय शिकवायचं यावर चार बैठका, शीर्षकाचा रंग कोणता यावर एक बैठक, आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात पुढचे सहा आठवडे काय चालणार हे ठरवणारा निर्णय अर्ध्या मिनिटात. माझी टीका त्या अर्ध्या मिनिटावर आहे. गुणांवर नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण असं काही बोललं की लोकांना वाटतं हा परीक्षा बंद करा म्हणणारा दिसतो. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या आहेत आणि लोकांना नापासही केलं आहे.

आधी यंत्राच्या पोटात काय असतं ते बघू, कारण तिथे एक गंमत आहे. कोर्स एका सॉफ्टवेअरमध्ये बांधतात आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालवतात. या दोघांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं याचं एक प्रमाणक आहे, स्कॉर्म. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका उपक्रमातून ते आलं. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ ची. शिकणाऱ्याची अवस्था नोंदवायला तिच्यात एकच रकाना होता, आणि त्यात सहापैकी एक शब्द पडायचा : उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळलं, हात लावला नाही. 'चाळलं' हा मला यातला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो. आता बघा, 'पूर्ण' आणि 'उत्तीर्ण' एकाच रकान्यात. म्हणजे कोर्स पूर्ण केला पण परीक्षेत नापास झाला, अशा माणसाचं काय लिहायचं? एक लिहिलं की दुसरं पुसलं जाणार. तर्कशास्त्रात याला आम्ही वर्गीकरणाचा दोष म्हणतो : विभाजनाची दोन तत्त्वं एकाच वेळी वापरली. पुढे २००४ च्या आवृत्तीत तो रकाना फोडून दोन केले, एक पूर्णतेचा आणि एक यशाचा. अभियंत्यांनी स्वतःच्या अडचणीतून वाट काढत तत्त्वज्ञानातला एक भेद शोधून काढला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण एक तिसरा प्रश्न उरतो आणि त्याला रकाना नाही. ही परीक्षा कुणासाठी आहे?

इथे मी तुम्हाला जुन्या घरी घेऊन जातो. तर्कसंग्रह ज्यांनी अभ्यासलाय त्यांना आठवेल, नैयायिक अनुमानाचे दोन प्रकार सांगतात, स्वार्थानुमान आणि परार्थानुमान. इथला स्वार्थ म्हणजे आपमतलबीपणा नव्हे. स्वतःसाठी, एवढाच अर्थ. मी एकटा चाललोय, डोंगरावर धूर दिसला, स्वयंपाकघरात धूर तिथे विस्तव हे अनेकदा पाहिलेलं आहे, माझ्या मनात ज्ञान झालं की डोंगरावर आग आहे. संपलं. कुणाला काही सांगायचं नाही. पण तेच तुम्हाला पटवून द्यायचं असेल तर मला पाच अवयवांचं वाक्य रचावं लागतं : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ज्ञान तेच, पण दुसऱ्यासाठी असलं की त्याला वेगळी शिस्त लागते, कारण दुसरा माझ्या डोक्यात शिरून बघू शकत नाही. आणि उलट बाजूही लक्षात घ्या : स्वतःशी विचार करताना कुणी पाच अवयव म्हणत बसत नाही. बसला तर आग विझून जाईल.

परीक्षेचंही असंच आहे. एक परीक्षा शिकणाऱ्याला सांगते की तुला हे कळलंय की नाही. ती स्वार्थ परीक्षा. दुसरी परीक्षा तिसऱ्या माणसाला सांगते की याला हे येतं की नाही : रुग्णाला, प्रवाशाला, नोकरी देणाऱ्याला, विद्यापीठाला. ती परार्थ. गुण ही परार्थ परीक्षेची भाषा आहे. तिथे ते हवेतच. इंजेक्शनची मात्रा काढायला शिकलेल्या परिचारिकेला ती काढता येते, याची खात्री खाटेवरच्या माणसाला द्यायला हवी, आणि "मी मनापासून शिकले" हे त्याला पुरत नाही. घोळ होतो तो स्वार्थ परीक्षेला गुण चिकटवल्यावर, किंवा परार्थ परीक्षेत गुणांचं नुसतं नाटक केल्यावर. आपल्याकडे दोन्ही जोरात चालू आहे.

उदाहरण एनपीटीईएलचं घेऊ. आयआयटी आणि बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेचा हा उपक्रम. हजारो मुलं त्यावर शिकतात, त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुलंही भरपूर. मला या उपक्रमाबद्दल आदर आहे. रचना अशी : दर आठवड्याला गृहपाठ, त्याचे २५ गुण, शेवटी केंद्रावर जाऊन देखरेखीखाली परीक्षा, तिचे ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सात बारा गृहपाठांपैकी सर्वांत चांगले आठ धरतात, म्हणजे आजारपण, लग्नकार्य, वीज जाणं याची सोय आहे. प्रमाणपत्राला गृहपाठात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेत. म्हणजे गृहपाठात पैकीच्या पैकी मिळवून परीक्षेत ढोपर टेकलं तर प्रमाणपत्र नाही. हे शहाणपणाचं आहे. ज्यांनी हे ठरवलं त्यांना माहीत होतं की घरी बसून मिळवलेल्या गुणांची खात्री देता येत नाही.

मग गृहपाठाला ते २५ तरी कशाला? आठवड्याचा गृहपाठ स्वभावाने स्वार्थ परीक्षा आहे. मला कळलंय का, कुठे अडलं, पुढे जाऊ का मागे. त्याला गुण लावले की काय होतं हे कुणाही विद्यार्थ्याला विचारा. गृहपाठ जाहीर होतो, पाठोपाठ यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर उत्तरं जाहीर होतात. मूल अडतच नाही. आणि जे अडलं नाही ते शिकलं कुठे? अडणं हीच तर त्या प्रश्नाची कमाई होती. शिकवणाऱ्या प्राध्यापकाचंही नुकसान होतं. वर्गाला चौथा प्रश्न अवघड गेला हे त्याला कधी कळतच नाही, कारण चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं बरोबर असतं. या गुणांचं वजन आता वाढतही चाललंय. २०२१ च्या यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे विषय विद्यार्थ्याला स्वयम् वरून करता येतात आणि त्याचे क्रेडिट त्याच्या पदवीत जमा होतात. पदवीत जमा होणारी गोष्ट कोण जोखमीवर सोडेल?

आता तुम्ही मघाचंच वाक्य म्हणाल. "सर, गुण नसले तर कोण करतंय?" या वाक्याला मी हलक्यात घेत नाही. ते खोटं नाही. दिवसभर नोकरी करून, लोकलने घरी येऊन, पोराचा अभ्यास घेऊन रात्री साडेदहाला लॉगिन करणाऱ्या माणसाला गुण हा एक धक्का असतो आणि तो उपयोगी पडतो. पण वाक्य नीट ऐका. त्यात गुणांचं काम काय सांगितलंय? माणसाला बसवण्याचं. मापण्याचं नव्हे. हे घंटेचं काम आहे. शाळेत घंटा वाजते, मुलं वर्गात येतात. घंटेचे गुण प्रगतिपुस्तकात कुणी लिहीत नाही. घंटाच हवी असेल तर घंटा ठेवा : उत्तर लिहिल्याशिवाय पुढचा भाग उघडणार नाही अशी सोय करा, ठरलेल्या वेळी जिवंत माणसाशी अर्धा तास बोलणं ठेवा, पाच-सहा जणांचे गट करा. बरोबर-चूक न मोजता, केलं की नाही एवढंच मोजा. मघाच्या भाषेत पूर्णतेचा रकाना वापरा, यशाचा रिकामा ठेवा. २००४ पासून यंत्रात ती सोय आहे. वापरत कुणी नाही.

दुसरा आक्षेप जरा अभ्यासू मंडळींचा असतो. "निर्गुण कोर्स म्हणजे नुसते व्हिडिओ बघणं. त्यातून काय शिकणार?" या आक्षेपात एक गृहीत लपलंय : गुण नाहीत म्हणजे प्रश्न नाहीत. बहुतेक निर्गुण कोर्स असेच बांधतात, हे मान्य. गुण काढले की प्रश्नही काढतात, आंघोळीच्या पाण्याबरोबर बादलीही विहिरीत. पण परीक्षा ही एक गोष्ट आणि गुण ही दुसरी. २००६ साली रॉडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर लिहून काढणारे पुढे. माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ही की त्या आठवून लिहिलेल्या कागदावर त्यांना गुणही मिळाले नव्हते आणि चूक-बरोबरही सांगितलं नव्हतं. आठवण्याचा आटापिटा एवढ्यानेच काम केलं.

आणि गुण दिल्यावर? १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एकाला फक्त गुण, एकाला फक्त शेरा, एकाला दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा लाभ झालाच नाही. ज्यांनी कधी तपासलेले पेपर वाटलेत त्यांना याचं नवल वाटणार नाही. मूल कोपऱ्यातला आकडा बघतं, शेजाऱ्याचा आकडा बघतं, पेपर घडी घालतं. प्रयोग मुलांवरचा आहे, प्रौढांना तो जसाच्या तसा लावणं बरोबर नाही. तरी पन्नाशीच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणातही मी ती घडी घालण्याची क्रिया पाहिली आहे.

निर्गुण प्रश्न नवे नाहीत. इग्नूची छापील पुस्तकं ज्यांनी पाहिलीत त्यांना आठवेल, दर दोन-चार पानांनी 'आपली प्रगती तपासा' अशी चौकट, खाली चार रिकाम्या ओळी, उत्तरं घटकाच्या शेवटी. गुण नाहीत, कुणाला पाठवायचं नाही. शुद्ध स्वार्थ परीक्षा. बहुतेक जण ओळी कोऱ्या ठेवून शेवटचं पान उघडायचे, हेही खरं. कागदाला तुम्हाला थांबवता येत नव्हतं. संगणकाला येतं. तुम्ही दोन ओळी लिहीपर्यंत तो उत्तर दाखवणार नाही, आणि मग तुमचं उत्तर व नमुना उत्तर शेजारी ठेवून विचारेल, फरक कुठे दिसतो? एवढं सामर्थ्य हाती आल्यावर आपण त्याचा उपयोग कशाला केला, तर चार पर्याय आणि खाली टक्केवारी.

ही टक्केवारी काय करते याचं एक उदाहरण घरातलं. माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं शिकवते. एक सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं. शेवटी बहुपर्यायी चाचणी, सत्तर टक्के मिळाले की प्रमाणपत्र, न मिळाले तर पुन्हा द्या. चाचणी उघडायच्या आधी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर उत्तरसूची हजर. तिने ती न बघता सोडवायचं ठरवलं, स्वभावच तसा. एक प्रश्न होता, वर्गात प्रश्न विचारल्यावर एखादं मूल सतत गप्प राहत असेल तर शिक्षकाने काय करावे. चार पर्याय. ती मला फोनवर म्हणाली, "मामा, माझ्या वर्गात अशी तीन मुलं आहेत. एकाला घरची भाषा वेगळी म्हणून, एकीला ऐकायला कमी येतं, आणि एक नुसताच विचार करत असतो, त्याला वेळ दिला की बोलतो. मी यातला कुठला पर्याय निवडू?" तिने एक निवडला. तो चूक निघाला. मग तिने उत्तरसूची उघडली, बरोबर पर्याय टिचकला आणि प्रमाणपत्र उतरवून घेतलं.

यात काय वाया गेलं ते बघा. अठरा वर्षांचं खरंखुरं ज्ञान त्या पडद्यासमोर बसलं होतं. प्रश्नही उत्तम होता. चार पर्याय काढून तिथे रिकामी चौकट असती, आणि तिचं उत्तर दुसऱ्या तालुक्यातल्या चार शिक्षकांना वाचायला गेलं असतं, त्यांची तिच्याकडे आली असती, तर ते प्रशिक्षण झालं असतं. त्याऐवजी ती एक गोष्ट मात्र पक्की शिकली : आपल्याला जे दिसतं ते बाजूला ठेवून चौकटीला जे हवं ते टिचकायचं. आणि परार्थ म्हणून तरी या सत्तर टक्क्यांचा उपयोग काय? हव्या तितक्या वेळा देता येणाऱ्या, घरी बसून दिलेल्या परीक्षेतले सत्तर कुणालाच काही सांगत नाहीत. अधिकाऱ्याला नाही, पालकाला नाही.

मग गुण काढून टाकले की प्रश्न सुटला? नाही. याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. शिक्षणहक्क कायदा आला, आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक आणि संकलित अशी विभागणी झाली. आकारिक म्हणजे मूल घडत असताना केलेलं, त्याच्यासाठी केलेलं. कल्पना सुरेख होती. त्यात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या, आकड्यांऐवजी शब्द. वर्षभरात काय झालं? तयार नोंदी मिळू लागल्या. 'वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो', 'स्वतःचे विचार मुद्देसूद मांडतो', असली वाक्यं विषयवार पानंच्या पानं. शिक्षकांना दोष देऊ नका. नोंदवही तपासायला कुणीतरी येणार होतं, आणि तो मूल बघणार नव्हता, वही बघणार होता. दुसऱ्याने मोजायला घेतलं की शब्दाचाही आकडा होतो.

हाच धोका आजच्या निर्गुण कोर्सांत आहे आणि तो जास्त लपलेला आहे. कर्मचाऱ्याला सांगतात, ही चाचणी बिनगुणांची, मोकळेपणाने सोडवा. पण पडद्यामागे किती वेळ घेतला, कितव्यांदा बरोबर आलं, कुठे सोडून दिलं, हे सगळं नोंदलं जातं आणि साहेबाच्या पडद्यावर त्याचा आलेख दिसतो. माझ्या मते ही फसवणूक आहे. ज्याला कुणी बघत नाही असं सांगितलं, त्याला खरोखर कुणी बघता कामा नये. एका समितीत मी एवढंच म्हटलं तर तांत्रिक बाजू सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "डेटा आहे तर वापरायचा का नाही?" डेटा आहे म्हणून वापरायचा, या न्यायाने शेजाऱ्याचं पत्रही वाचायला हरकत नाही.

एक प्रकार असा आहे की तिथे स्वार्थही नाही आणि परार्थही नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घ्या. मालकाने ठरावीक काळाने कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असं कायदा सांगतो. गुण द्या असं तो कुठे म्हणत नाही. तरी अनेक कंपन्यांत अर्ध्या तासाचा कोर्स, दहा प्रश्न, ऐंशी टक्के. ऐंशी टक्के मिळालेल्या माणसाला काय म्हणायचं? वीस टक्के छळ करायला मोकळा? कंपनीला तिथे खरं तर हवी असते ती सही : मला नियम सांगितले गेले, मी वाचले. मग सही घ्या. प्रामाणिकपणे घ्या. आणि वाचलेला अर्धा तास खऱ्या चर्चेला द्या, जिथे कुणी म्हणू शकेल की आमच्या विभागात अमुक प्रकार चालतो, तो यात बसतो का. असा प्रश्न गुणांच्या चाचणीत कोण विचारेल?

समितीतली ती मुलगी पुन्हा विचारेल, सर, मग मी टिचकी कुठे मारू? तर तिला मी आता असं सांगतो. आधी त्या तिसऱ्या माणसाचं नाव लिही. "या निकालावर विसंबून अमुक माणूस अमुक निर्णय घेणार आहे", एवढं एक वाक्य. ते लिहिता आलं तर परीक्षा सगुण ठेव, आणि नीट सगुण ठेव : थोडी, अवघड, देखरेखीखाली, शक्यतो प्रत्यक्ष कामाची. परिचारिकेला मात्रेचे पर्याय दाखवू नको, तिला मात्रा काढायला लाव. ते वाक्य लिहिता आलं नाही तर गुण काढ, प्रश्न दुप्पट कर, आणि नोंदी कुणाला पाठवू नकोस. एकाच कोर्सात दोन्ही असू शकतं, असावंच; पण शिकणाऱ्याला दर वेळी कळलं पाहिजे की आता कोण बघतंय.

यात एक गाठ मात्र अशी आहे जी कोर्स बांधणाऱ्याच्या हातात नाही. आपल्याकडे शिक्षकांना बारा वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते, आणि त्याला प्रशिक्षणाची अट आहे. जिथे पगार टांगलेला आहे तिथे पडद्यावर कितीही मोठ्या अक्षरांत 'ही चाचणी केवळ तुमच्यासाठी' असं लिहा, बसलेला माणूस ती परार्थच देणार, आणि त्याचं काही चुकत नाही. माझं मत असं की वेतनश्रेणीची अट हजेरीला आणि एखाद्या प्रत्यक्ष वर्गपाठाला जोडावी, ज्याला दुसरे दोन अनुभवी शिक्षक येऊन बसतील. ऑनलाइन प्रश्नांना तिच्यातून पूर्ण सोडवावं. ते खर्चाचं आहे, वेळखाऊ आहे, राज्यभर एवढे शिक्षक बघायला माणसं कुठून आणणार, हे सगळे आक्षेप मला माहीत आहेत. सभागृहात काही केंद्रप्रमुख बसलेत असं मघाशी कळलं. त्यांच्याकडून ऐकायला आवडेल, एका केंद्रात वर्षाला असे किती वर्गपाठ बघता येतील. तिथूनच प्रश्नोत्तरांना सुरुवात करू.